रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट बांधावरच का मोडतो? या चुका टाळा

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचं फिरतं टोक, आणि त्याची ताकद रोटाव्हेटरला नेणारा दांडा म्हणजे पीटीओ शाफ्ट. हा शाफ्ट मोडला की दोष मातीला दिला जातो. शिरोळ-हातकणंगलेकडची काळी माती चिकट आहे हे खरं, पण शाफ्टला खरा मार बसतो तो बांधाला वळताना. पीटीओ चालू ठेवूनच रोटाव्हेटर उचलला की क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचा, कोन वाढतो. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात पुढच्या दांड्याला दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरवतो. ‘कट्-कट्’ आवाज येतो तो त्याचाच. त्यामुळे वळणाआधी पीटीओ बंद करा. अवजार पाती जमिनीतून सुटतील इतकंच उचला आणि लिफ्टच्या लिव्हरचा स्टॉप तिथेच लावून ठेवा.

सरळ चालतानाही शाफ्ट थरथरत असेल, तर शाफ्टचे एकात एक सरकणारे दोन भाग, नळी आणि दांडा, काढून पुन्हा कसे जोडले ते पाहा. मधल्या भागाच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत. चौकोनी दांडा एक घर चुकून सहज बसतो, आणि मग दोन क्रॉसचे झटके एकमेकांना मारण्याऐवजी वाढतात.

पैऱ्याने आणलेल्या रोटाव्हेटरची अडचण वेगळी. त्याचा शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाचा असेलच असं नाही. लांब पडला तर दांडा नळीच्या तळाला टेकून पीटीओच्या बेअरिंगवर दाबतो. आखूड पडला तर कामात निसटतो. माप घेताना अवजार पूर्ण वर उचलून थांबू नका. इंजिन बंद करून, अवजाराखाली टेकू देऊन, टप्प्याटप्प्याने उंची बदलत दोन टोकं सर्वात जवळ कुठे येतात ते शोधा. बहुधा शाफ्ट आडवा झाला की येतात. तिथे तळाशी एक इंच मोकळं राहायला हवं, आणि कामाच्या स्थितीत दांडा नळीत किमान एक तृतीयांश आत हवा. कापायचा असेल तर नळी, दांडा आणि दोन्ही प्लास्टिक कव्हर सारखंच कापा, कडा कानशीने घासा, मग ग्रीस लावा.

क्रॉसला दर आठ तासांनी ग्रीस द्या. चारही टोकांच्या सीलमधून ताजं ग्रीस दिसेपर्यंत गन मारा. एक टोक कोरडं राहिलं तर तेच आधी जळतं. नळीचा निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) मात्र सगळेच विसरतात.

शिअर बोल्ट (जादा ताण आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट) तुटला म्हणून हाताला येईल तो जाड, कडक बोल्ट टाकणं ही महागडी काटकसर. डोक्यावर ताकदीचा आकडा 8.8 असेल तिथे 10.9 घातला की बोल्ट वाचतो आणि गिअरबॉक्स जातो. काही शाफ्टना बोल्टऐवजी जादा ताणाला घसरणारा क्लच असतो. असा क्लचवाला शाफ्ट पावसाळाभर उभा राहिला तर प्लेटा गंजून चिकटतात. हंगामाआधी स्प्रिंगचे नट सारखे, मोजून दोन-दोन फेरे सैल करा, पीटीओ दोन-तीन सेकंद चालवून प्लेटा सुटू द्या, इंजिन बंद करून तितकेच फेरे परत आवळा.

कव्हर आणि त्याची साखळी काढून फेकू नका. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. गमछा किंवा पदर सोडवायला वेळच मिळत नाही. काही अडकलं तर इंजिन बंद, चावी खिशात, शाफ्ट थांबल्यावरच हात.

उसाच्या खोडव्यातला पाला शाफ्टच्या मुळाशी गुंडाळला जातो आणि पीटीओचं ऑइल सील कापतो. तेल गळू लागलं की नवं सील टाकण्याआधी हा पाला सुरीने कापून काढा, आणि शाफ्टच्या दात्यांमागे दोऱ्यासारखा उरलेला भागही बघा.