जुनं इंजिन घेताना ते नक्की कुठलं आहे हे कसं ओळखायचं: बलेनो १.६ घेणाऱ्यांसाठी

टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) बघून इंजिन ओळखायचं असं कुणी सांगितलं तर त्याचं पुढचं ऐकूच नका. कव्हर बोल्टवर बसतं, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे पाइप) बोल्टवर बसतं, स्टिकर तर नखाने निघतो, आणि वायरिंगचा गुच्छ कुठल्याही गाडीचा कुठल्याही इंजिनवर टाकून ठेवता येतो. म्हणजे लोक ज्या गोष्टी बघून पैसे देतात त्या सगळ्या अर्ध्या तासात बदलता येणाऱ्या आहेत. इंजिनची ओळख ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि क्रँकमध्ये (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) असते, तिथपर्यंत पोचल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही.

उदाहरण बलेनोचं घेतो कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. बलेनो म्हणजे जुनी सेडान, १९९९ ते २००७ मधली, २०१५ नंतरची हॅचबॅक नाही. तिच्यात सुझुकीचं जी१६बी इंजिन येतं, १५९० सीसी, म्हणजे १.६ लिटर. एस्टीम आणि जिप्सीत त्याच घराण्यातलं जी१३बीबी येतं, १२९८ सीसी, म्हणजे १.३. दोन्ही चार सिलिंडर, दोन्ही सोळा व्हॉल्व्ह, दोन्हीला वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), आणि तेलाने माखून भंगारच्या शेडमध्ये आडवी पडली की मिस्त्रीलासुद्धा पटकन फरक सांगता येत नाही. १.६ चा ब्लॉक उंच असतो हे खरं आहे पण ते दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसतं, एकटं बघून नाही. एस्टीमची इंजिनं ढिगाने मिळतात, बलेनोची शोधावी लागतात, त्यामुळे १.३ ला १.६ म्हणून खपवण्यात फायदा कुणाचा हे वेगळं सांगायला नको. आपलं सोलापूर पुणे-हैदराबाद हायवेवर असल्यामुळे माल दोन्हीकडून येतो, आणि इथे येईपर्यंत त्याने तीन-चार हात बदललेले असतात. त्यामुळे समोरचा माणूस प्रामाणिक असला तरी त्याला स्वतःला माहीत असेलच असं नाही, हे मनात धरूनच जा.

प्रश्न दोन आहेत आणि दोन्हीची उत्तरं वेगवेगळी काढायची. एक, हे इंजिन कुठलं आहे. दोन, हे कुणाच्या गाडीतून निघालंय. बरेच जण पहिल्यावरच थांबतात.

सामान जे लागतं ते तुम्हाला माहीतच आहे, टॉर्च, डिझेल, चिंध्या, लांब प्लग पाना, पुलीच्या बोल्टला बसेल असा सॉकेट आणि लांब दांडा. एक सळी आणि व्हर्नियर जास्तीचं घ्या, ते कशाला ते खाली येतंच. एप्रिल-मेमध्ये जात असाल तर सकाळी लवकर जा, पत्र्याखाली तापलेल्या ब्लॉकला हात लावून नीट काम होत नाही.

आधी नंबर बघा

नंबर ब्लॉकवर मशीन मारलेल्या सपाट जागेवर पंच केलेला असतो, गिअरबॉक्स जोडतात त्या टोकाकडून शोधायला सुरुवात करा. डिझेल आणि पितळी ब्रशने साफ करा. ग्राइंडरला वायर ब्रश लावून साफ करतो म्हणाला तर हात धरा त्याचा, कारण त्याने खऱ्या-खोट्याच्या खुणाच पुसल्या जातात. साफ झालं की खडू चोळा म्हणजे अक्षरं उठून दिसतात, आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने आडवी मारून फोटो काढा.

मारुतीच्या नंबरात सुरुवातीलाच इंजिनचा कोड असतो, जी१६बी नाहीतर जी१३बीबी, त्यापुढे एन आणि मग आकडे. कोड बरोबर आला म्हणून खूश होऊ नका, ती जागा बघा. फॅक्टरीच्या जागेवर मशीनच्या बारीक रेषा एकाच दिशेने जातात आणि सगळे आकडे साधारण एका खोलीचे असतात. ग्राइंडर मारून परत पंच केलेल्या ठिकाणी गोलगोल चरे दिसतात, जागा आजूबाजूपेक्षा खाली गेलेली असते, कडेला जुन्या आकड्याची सावली राहते, आणि हातोडीने एकेक आकडा ठोकलेला असल्यामुळे एक खोल तर दुसरा उथळ. नंबरात एकच आकडा दोनदा आला असेल तर ते दोन शेजारी धरून बघा. असं काही दिसलं तर तिथूनच परत फिरा, किंमत कमी करायची बोलणी करायची नाहीत. नंबर उडवलेलं इंजिन फुकट मिळालं तरी महाग पडतं.

नंबरच नसलेला ब्लॉक दिसला आणि "अण्णा, कंपनीचा स्पेअर ब्लॉक हाय, बिननंबरचाच येतो" असं ऐकायला मिळालं तर बिल मागा. स्पेअर ब्लॉक बिननंबरचे असतात ही गोष्ट खरी, पण मग त्याचं बिलही असतं.

आता स्ट्रोक मोजा, खरी पायरी हीच

नंबर खोटा पंच करता येतो, क्रँकचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खालपर्यंत जातो ते अंतर, खोटा करणं भंगारवाल्याच्या कुवतीतलं नाही. जी१३बीबीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक ७५.५ मिमी आहे, जी१६बीचा बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०. बोअरमधला १ मिमीचा फरक हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) उघडल्याशिवाय कळत नाही आणि हेड कुणी उघडू देत नाही, पण स्ट्रोकमध्ये तब्बल १४.५ मिमीचा फरक आहे आणि तो स्पार्क प्लगच्या भोकातून मोजता येतो. खात्री करायची असेल तर बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक गुणिले ४, भागिले १०००, मोबाइलवर करून बघा, ७५ आणि ९० टाकले की १५९० येतात.

वाचायला सोपं आहे, करायला नाही. सुरुवातीला मला ह्याच पायरीने लई छळलंय, एकाच सिलिंडरची दोन वेगळी मापं यायची आणि कुठलं खरं ते कळायचं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट सळी. स्क्रू ड्रायव्हर आत घालायचा नाही, तो पिस्टनवर आणि भिंतीवर ओरखडे काढतो. लाकडी काडी, बांबू, अगरबत्तीची काडी हेही नाही, आत तुटली तर हेड काढावं लागेल आणि मग इंजिन तुम्हालाच घ्यावं लागेल. ६ किंवा ८ मिमीची पितळी किंवा अॅल्युमिनियमची सरळ सळी घ्या, एक फूटभर तरी लांब, टोक गोल करून घासलेलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमचे पार्ट करणारे लेथवाले आहेत, कुणीही पाच मिनिटांत करून देईल. वरच्या टोकाला आडवी पिन किंवा जाड टेप लावा म्हणजे सळी पूर्ण आत पडणार नाही. ही पिन विसरायची नाही.

दुसरी गोष्ट फिरवणं. चारही प्लग काढा, नाहीतर कॉम्प्रेशनमुळे पिस्टन उसळतो आणि सळी वाकते. क्रँक पुलीच्या बोल्टवरून हळूहळू फिरवा, सुझुकीचं हे इंजिन पुलीच्या बाजूने बघताना घड्याळाच्या दिशेने. टायमिंग बेल्ट तुटलेला किंवा काढलेला असेल तर फिरवायचंच नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकायची भीती असते आणि मग ते वाकणं तुमच्या नावावर. इंजिन जाम असेल तर जोर लावू नका, जाम इंजिन स्ट्रोक मोजून घ्यायची वस्तू नाही. आणि सळी आत असताना दुसऱ्या कुणाला भसकन फिरवू देऊ नका, एक हात कायम सळीवर हवा.

तिसरी गोष्ट, जिथे सगळे चुकतात. पिस्टन बरोबर वर कधी आला हे शोधत बसायची गरज नाही. वरच्या आणि खालच्या टोकाला पिस्टन जवळजवळ थांबल्यासारखा होतो, क्रँक बराच फिरला तरी सळी हलत नाही. म्हणून क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा, सळी सगळ्यात वर गेली तिथे भोकाच्या काठाशी मार्करने एक रेघ, सगळ्यात खाली गेली तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा, तोच स्ट्रोक. काठ मात्र दोन्ही वेळेला तोच धरायचा, एकदा डावा एकदा उजवा केलं की २-३ मिमी गेलेच.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सळीचा तिरकेपणा. प्लगचं भोक १४ मिमीचं आणि सळी ६-८ मिमीची, त्यामुळे ती आत डोलते. सळी तिरकी असली की माप वाढतं. हिशोब सांगतो, २० अंश तिरकी धरली तर ७५.५ चा स्ट्रोक ८० च्या वर दिसतो आणि ९० चा जवळपास ९६. उलट सळीचं टोक खालच्या बाजूला सिलिंडरच्या भिंतीला अडकलं तर माप कमी दिसतं, पण ते हाताला कळतं, खरखर लागते आणि सळी पिस्टनबरोबर मोकळी खाली जात नाही. म्हणून भोकात सळीभोवती टेपचे वेढे देऊन ती मधोमध राहील असं करा आणि मापं तीनदा घ्या. ७५-७८ आलं तर ते १.३ आहे, विषय संपला, विकणारा काय वाटेल ते म्हणू दे. ८९-९२ आलं तर १.६. मधलंच ८२-८५ असं काही आलं तर इंजिनबद्दल मत बनवू नका, तुमची सळी तिरकी आहे किंवा अडकतेय, परत मोजा. १.३ चं माप ९० दिसायला सळी ३३ अंश तिरकी लागेल, इतकी तिरकी सळी डोळ्याला दिसतेच.

आता हे एका सिलिंडरवर करून थांबू नका. चारही सिलिंडरमध्ये पिस्टन सगळ्यात वर असतानाची खोली एकाच जागेवरून मोजा. तीन सारखे आणि एक जाणवण्याइतका खाली असेल तर तिथला कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकलेला असायची शक्यता मोठी, म्हणजे इंजिनने कधीतरी पाणी प्यायलंय. पुरात बुडालेल्या गाडीची इंजिनं धुऊन पुसून चकाचक करून येतात, बाहेरून तीच सगळ्यात छान दिसतात.

एवढं करूनही लक्षात घ्या, स्ट्रोकने खालची बाजू सिद्ध होते, वरचं हेड मूळचं आहे का हे नाही. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर ताजं सिलिकॉन दिसलं किंवा हेडचे बोल्ट नुकतेच चकाकलेले दिसले तर हेड का उघडलं होतं हे विचारा आणि टॅपेट कव्हर काढून कॅम बघा.

होंडावाल्यांसाठी थोडं. जुन्या सिटीच्या १.३ आणि १.५ मध्ये हीच युक्ती चालते, बोअर दोन्हीचा ७५, स्ट्रोक ७६ आणि ८४.५. पण १.५ साधं की व्हीटेक (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची पद्धत) हे स्ट्रोकने कळत नाही, दोन्ही १४९३ सीसीच. त्यासाठी हेडवर व्हीटेकचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) आणि त्याची तेलाची वाट आहे का ते बघा. आणि ही इंजिनं पुलीच्या बाजूने बघताना घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, सुझुकीच्या सवयीने फिरवू नका. आठ प्लग दिसले तर ती त्यानंतरची आयडीएसआय (दर सिलिंडरला दोन प्लग) आहे, व्हीटेक म्हणून घ्यायची नाही.

इंजिन कुणाचं आहे

ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर आणि आरसीची कॉपी मागा. आरसीवरचा इंजिन नंबर आणि तुमच्या फोटोतला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, "शेवटचे चार जुळतायत की" हे चालत नाही. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मॉडेल, इंधन आणि आरसी चालू आहे का तेही बघून घ्या, तिथे इंजिन नंबर पूर्ण दाखवत नाहीत म्हणून कागद लागतोच. मग एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो) 'वाहन समन्वय' सेवेवर इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का बघा, ही सोय सामान्य माणसासाठी आहे आणि तरी कुणी वापरत नाही. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि खोडलेला नंबर बघून घेतलं तर "मला माहीत नव्हतं" हे सांगायला तोंड राहत नाही.

गाडीत बसवायच्या आधी

माझं मत स्पष्ट आहे, रस्त्यावर चालवायच्या गाडीत त्याच कोडचं इंजिन घाला. बलेनोत जी१६बी, एस्टीममध्ये जी१३बीबी. एस्टीममध्ये १.६ बसतं म्हणून बसवायचं आणि आरसीवर १२९८ सीसी ठेवून विजापूर रोडला फिरायचं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि कलम १८२अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं. तसला प्रयोग बंद मैदानावरच्या गाडीसाठी ठेवा. त्याच कोडचं असलं तरी नंबर बदलतो, म्हणून इंजिन उचलायच्या आधी कागद घेऊन आरटीओत जाऊन विचारा, एमएच-१३ ची गाडी असेल तर इथेच काम होतं. एजंटला विचारून परत येऊ नका, खिडकीवर विचारा. काही ठिकाणी चेसिस प्रिंटसारखा इंजिन नंबरचाही पेन्सिल प्रिंट मागतात, तो शेडमध्येच काढून ठेवा, इंजिन बसल्यावर तिथे हात जात नाही.

बिलावर "जुने इंजिन १ नग" एवढंच लिहून देतात, ते घ्यायचं नाही. पूर्ण इंजिन नंबर, ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर, तारीख, विकणाऱ्याची सही आणि त्याच्या आधारची कॉपी. टोकन देतानाच सांगा की बाकीचे पैसे असं बिल हातात आल्यावर, आणि टेम्पोत चढवताना नंबर परत एकदा फोटोशी ताडून बघा, कारण शेडमध्ये तसली दोन-तीन इंजिनं असतील तर दाखवलेलं एक आणि चढवलेलं दुसरं असंही होतं.