आजीलाही कळेल असा जुना इंग्रजी डिटेक्टिव्ह पिक्चर गच्चीवर कसा दाखवावा

पिक्चर 'हेल इज अ सिटी' घ्या. १९६० चा, व्हॅल गेस्टचा, ब्लॅक अँड व्हाइट. डॉन स्टार्लिंग हा गुन्हेगार जेलमधून पळून मँचेस्टरला परततो, लूट करतो आणि इन्स्पेक्टर मार्टिनो त्याच्या मागे लागतो. सुरू करण्याआधी एवढंच सांगा.

आणि मँचेस्टर म्हणजे इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं शहर, तेही सांगा. आमच्या खानदेशातल्या अमळनेरात ते सोपं जातं. माझे वडील इथल्या प्रताप मिल या कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, आमचा दिवस भोंग्यावर चालायचा. अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते १८६५, तेव्हा तिकडचा कापूस अडला आणि खानदेशचा कापूस त्या मँचेस्टरच्या भागातल्या गिरण्यांना जाऊ लागला. हे ऐकल्यावर शेजारचे काका पडद्यावरच्या काजळलेल्या भिंती निरखून बघत बसले.

पडद्याला ९० बाय १०० इंचांची डबलबेडची पांढरी चादर आडवी बांधा. एक नाही, दोन, एकावर एक. एकीतून उजेड आरपार जातो. खालच्या काठात बांबू ओवा, वाऱ्याने फुगणार नाही. चित्र उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद आहे. ९४ इंच रुंदीला उंची ४० इंचच येते. वर-खाली रिकामं दिसलं म्हणून ताणू नका, माणसं लांबुडकी होतात. मे महिन्यात आठच्या आधी लावूच नका. यातला निम्मा पिक्चर सावल्यांत आहे. समोरच्या घरी जाऊन ट्यूबलाइट बंद करायची विनंती करून या.

इंग्रजी कळत नाही त्यांना हात बघायला सांगा. लुटीच्या नोटांना मॅलाकाइट ग्रीन हा रंग लावलेला असतो; ज्याने पैसे हाताळले त्याची बोटं हिरवी. पण पिक्चरमध्ये हिरवा रंग दिसणार कसा? मी तिथे थांबवलं, वाटीत खायचा हिरवा रंग कालवला आणि नातवाचं बोट बुडवून सगळ्यांना दाखवलं. पुढे माळावर छापा-काट्याचा जुगार भरतो, तिथे कोणाच्या बोटांकडे बघायचं हे मुलांनीच एकमेकांना सांगितलं.

भाषांतर मात्र सतत करू नका. माझी आई नव्वदीची, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाही. मार्टिनोची बायको स्वयंपाक करून वाट बघते, हा रात्र रात्र बाहेर. आई एकदम म्हणाली, "हाऊ पोलीस घर कवय जाई रे?" म्हणजे, हा पोलीस घरी कधी जाणार? मी काहीच समजावलेलं नव्हतं. मार्टिनो झालेल्या स्टॅनली बेकरचा तो थकलेला चेहरा बघूनच तिला कळलं होतं. अशा वेळी आपण गप्प बसावं.

खायला कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा आधीच वाढून घ्या. शेवटचा पाठलाग उंच छपरांवरचा आहे. तो लागायच्या आधी मुलांना कठड्यापासून उठवून मधल्या सतरंजीवर घ्या.