बबलवर पाऊण तास गप्प बसलो त्याची गोष्ट

पोकर शिकणारी नवीन पोरं भेटली की एकच विचारतात, दादा कुठली पानं आली की खेळायचं. एक्का-राजा आला की काय, जोडी आली की काय. हे सगळं पहिल्या दोन-तीन तासांचं आहे आणि ते कुठंही शिकायला मिळतंय. टूर्नामेंटमध्ये शेवटचे पंधरा-वीस जण राहिल्यावर काय करायचं हे मात्र कोण विचारत नाही, आणि पैसे तर सगळे तिथंच असतात. म्हणून माझी फजिती सांगतो.

मी बेळगावचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. पत्त्यांचा नाद लहानपणापासून, गणपतीत जागरणाला मेंढीकोट, दिवाळीत रमी, मग कॉलेजात असताना मोबाईलवर पोकर. आता पैसे लावून ऑनलाइन खेळायचं विसरा, 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून ते सगळं बंदच केलंय. त्यामुळं आमच्यासारख्यांना वर्षातनं एक-दोनदा जांबोटी-चोर्ला करत पणजी गाठायची, मांडवीवरच्या जहाजात टूर्नामेंट खेळायची आणि परत. वय 21 पाहिजे, आधार कार्ड बरोबर ठेवा. गंमत म्हणजे गोव्यातल्याच माणसाला 2020 पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, आम्हाला चालतंय.

तर झालं असं. नव्वदच्या आसपास लोक होते, बक्षीस पहिल्या अकरा जणांना. रात्री दीडला आम्ही तेराजण उरलो, म्हणजे अजून दोघं गेली की सगळ्यांना पैसे. याला बबल म्हणतात, बाराव्या नंबरवर जो जातो त्याला दहा तास बसून शून्य. माझ्याकडं 40,000 चिप्स, ब्लाइंड 2,000-4,000 (पानं बघायच्या आधीच पाळीपाळीनं दोघांनी सक्तीनं टाकायचे चिप्स, छोटा तो स्मॉल आणि मोठा तो बिग) आणि बिग ब्लाइंडवाल्यानं वर भरायची 4,000 ची अँटी. मी मनात म्हटलं, आता काही करायचं नाही, गप्प बसायचं, दोघं आपोआप जातील. आणि खरंच बसलो. बटनवर, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागेवर, राजा-राणी आली, टाकली. छक्क्यांची जोडी आली, टाकली. एक्का-नऊ टाकताना हात थरथरला पण टाकलं. पाऊण तासात तीन फेऱ्या झाल्या, मध्ये ब्लाइंड वाढून 2,500-5,000 झाले, आणि अकराजण राहिलो तेव्हा माझ्याकडं उरले साडेसात हजार. दीड बिग ब्लाइंड! पुढच्याच हातात राजा-सात घेऊन ऑल-इन केलं, होते ते सगळे चिप्स लावले, तर दोघांनी हसत हसत कॉल केलं, म्हणजे तेवढेच टाकून भिडले, कारण तेवढ्याला कोण कशाला घाबरेल. गेलो. एंट्रीच्या दुप्पट मिळाले, त्यावर पत्त्यांच्या बक्षिसाचा 30 टक्के कर आणि वर सेस, लॉजचं भाडं तर त्यातनं वजा पण होत नाही. परत येताना घाटात मित्र म्हणाला, "एवढं बसायचंच होतं तर घरात बसायचं होतास की."

त्या टेबलावर निपाणीचे एक काका होते, तंबाखूच्या व्यापारातले, ते पहिल्या तिघांत आले. जाताना त्यांना विचारलं काका माझं काय चुकलं. ते म्हणाले, "चिप्स मोजत बसला होतास तू. फेऱ्या मोजायच्या की रे."

ते एवढंच बोलून गेले, हिशोब मी घरी येऊन केला. एका फेरीत तुमचे किती जातात? स्मॉल ब्लाइंड 2,000, बिग 4,000, अँटी 4,000, झाले 10,000. माझ्याकडं 40,000, म्हणजे काहीच न करता मी चार फेऱ्यांचा पाहुणा. आणि टेबलावर नऊ जण असले तर फेरी नऊ हातांची, सहाच राहिले तर सहा हातांची, म्हणजे माणसं कमी झाली की तेवढेच चिप्स लवकर संपतात. हे नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही, त्याला वाटतं स्टॅक, म्हणजे आपल्याजवळचे चिप्स, तेवढाच आहे की. उलट बाजू पण बघा. त्याच 40,000 मध्ये मी एकदा ऑल-इन करून सगळ्यांनी फोल्ड केलं असतं, म्हणजे पानं टाकली असती, तर 10,000 मिळाले असते, पान न दाखवता स्टॅक चौथाईनं वाढला असता. पाऊण तासात फेरीला एकदा, असं तीनदा जरी केलं असतं तरी मी जागच्या जागी राहिलो असतो.

मला हे समजायला वर्ष लागलं की धाडस दोन प्रकारचं असतंय. आपण पहिल्यांदा ऑल-इन करणं वेगळं आणि दुसऱ्यानं केलेल्याला कॉल करणं वेगळं. पहिल्यात जिंकायच्या दोन वाटा आहेत, समोरचा पानं टाकतो किंवा आपलं पान मोठं निघतं. कॉलमध्ये एकच वाट, पान मोठं निघायलाच पाहिजे. शेवटाला म्हणूनच ऑल-इन ढिल्या हातानं आणि कॉल मात्र घट्ट मुठीनं. मी दोन्हीकडं मूठ घट्ट धरली, आणि बरेच नवीन लोक बरोब्बर उलटं करतात, ऑल-इन करायला घाबरतात आणि कंटाळून कुणाला तरी एक्का-चारवर कॉल करतात.

कॉल घट्ट का, त्याचं गणित आहे, चिप्सची बक्षिसाच्या पैशात किंमत काढायचं, त्याला आयसीएम म्हणतात. घाबरू नका, एकदा वहीवर केलं की डोक्यात बसतंय. समजा तिघं उरलेत, बक्षिसं 50, 30 आणि 20 हजार, आणि चिप्सपण 50, 30, 20 टक्के अशाच. माझ्याकडं 20 टक्के. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची, मग दुसरा कोण ते उरलेल्या चिप्सच्या प्रमाणात, असं सगळं मांडलं की माझ्या स्टॅकची किंमत येते सुमारे 28,860 रुपये. ज्याच्याकडं अर्धे चिप्स आहेत त्याची येते फक्त 38,390. अर्धे चिप्स असून अर्धे पैसे नाहीत! आता लीडरनं, म्हणजे त्या अर्ध्या चिप्सवाल्यानं, ऑल-इन केलं आणि मी कॉल करून जिंकलो तर माझे चिप्स 40 टक्के होतात, डबल, पण किंमत होते 35,430. म्हणजे जिंकलो तर साडेसहा हजाराच्या आसपास वाढणार, हरलो तर 20,000 घेऊन घरी, पावणेनऊ हजाराच्या वर गेले. ब्लाइंडचं बाजूला ठेवलं तर हा कॉल परवडायला मला शंभरात 57 वेळा तरी जिंकायला पाहिजे. अठ्ठ्यांची जोडी विरुद्ध एक्का-राजा घ्या, अठ्ठे पंचावन्नच्या आसपासच जिंकतात. जे पान सुरुवातीला डोळे झाकून कॉल केलं असतं तेच रात्री तोट्याचं. आता समोरचा कशावरही ऑल-इन मारणारा असेल तर अठ्ठे बिनधास्त घ्या, म्हणून समोरचा कसा खेळायलाय हे सुरुवातीपासून बघून ठेवायचं, मोबाईलमध्ये रील बघत बसायचं नाही.

ह्याच गणितामुळं मधल्या स्टॅकवाल्याची सगळ्यात जास्त कुचंबणा होते. लीडरला तो घाबरतो कारण एका हातात बाहेर जाईल, आणि खाली दोन बारके स्टॅक मरायला टेकलेत त्यांच्या आधी जायला तर अजिबात नको. लीडरला हे ठाऊक असतं, तो ह्या मधल्यांच्याच ब्लाइंडवर डल्ला मारत राहतो. तुम्ही लीडर असाल तर तेच करा, फक्त दुसऱ्या नंबरच्या मोठ्या स्टॅकशी उगीच भिडू नका. बारका असाल तर दहा बिग ब्लाइंडच्या खाली रेझ करून (थोडे चिप्स वाढवून) मग फोल्ड हा प्रकार बंद, एकतर सगळं नाहीतर काहीच नाही, आणि ते पण समोरच्याला टाकावंसं वाटेल एवढे चिप्स अंगावर असेपर्यंतच. माझ्यासारखं दीडवर आल्यावर धाडस सुचून उपयोग नाही.

बबलवर वेळ काढून पण फायदा नसतो. हँड-फॉर-हँड सुरू करतात, म्हणजे दोन्ही टेबलांवर एकदमच एक एक हात वाटायचा, मग तुम्ही पाच मिनिटं विचार केल्याचं नाटक करा नाहीतर दहा.

डोक्याचं सांगायचं तर माझी अडचण पानात नव्हतीच. सोमवारी पहिली शिफ्ट होती, सुपरवायझरला सुट्टी सांगितली नव्हती आणि एंट्रीचे पैसे पगारातले. त्यामुळं "निदान एंट्री तरी सुटू दे" एवढंच डोक्यात घोळत होतं. आता मी तीन गोष्टी बेळगावातनं निघायच्या आधीच उरकतो, सुट्टी टाकतो, गेले तरी चालतील एवढेच पैसे वेगळे काढतो (नसतील तर जातच नाही, उधार घेऊन तर मुळीच नाही) आणि मिन-कॅश (सगळ्यात छोटं बक्षीस) मिळाली तर काय घेणार असली स्वप्नं बघत नाही. बक्षिसांचा तक्ता लागला की फोटो काढतो. अकराव्या आणि नवव्यात फरक किरकोळ असतो, खरी उडी शेवटच्या तिघांत असते, हे डोळ्यानं बघितलं की बबलची भीती अर्धी कमी होते. आणि जेवणाच्या ब्रेकला पोटभर बिर्याणी हाणू नका, अकरानंतर डोळे मिटायला लागतात.

सरावाला आम्ही शहापूरला मित्राच्या गच्चीवर बसतो, पैसे नाहीत, शेवटचा येईल त्यानं सगळ्यांना कुंदा. पण डाव पहिल्यापासून खेळत नाही, सहा जण, दहा-दहा बिग ब्लाइंड, इथनंच सुरू. नव्या माणसानं हेच करावं असं माझं मत आहे. तासाभरात चार-पाच टूर्नामेंटचे शेवट खेळून होतात, आणि हेड्स-अपमध्ये (दोघंच उरल्यावर) बटनवालाच स्मॉल ब्लाइंड असतो, फ्लॉपच्या (मधल्या पहिल्या तीन पानांच्या) आधी तो पहिला बोलतो आणि नंतर शेवटी, ह्याचा गोंधळ पण तिथंच मोडतो.

तिघं उरल्यावर खेळ थांबवून बक्षिसांच्या वाटणीचं पण बोलणं निघतं, तेव्हा ऐकून घ्या. चिप्सच्या प्रमाणात म्हणजे आधी सगळ्यांना 20-20 हजार आणि उरलेल्या 40 हजारांची चिप्सप्रमाणे वाटणी. वरच्या उदाहरणात लीडरला 40,000 मिळतात आणि बारक्याला 28,000. आयसीएमनं केली तर लीडरचे दीड हजाराच्या वर कमी होतात आणि ते खालच्या दोघांत जातात. कोण कुठली पद्धत आधी सुचवतोय बघा म्हणजे कळेल.

मागच्या हिवाळ्यात परत गेलो होतो. तिघं राहिलो, माझाच स्टॅक सगळ्यात बारका, लीडरनं ऑल-इन मारलं आणि माझ्या हातात बदामचा राजा-दहा. दोन वर्षांपूर्वी "आता नाही तर कधी" म्हणत घातले असते. टाकले. पुढच्या हातात मी स्मॉल ब्लाइंडवर, पहिल्यानं टाकलं, माझ्याकडं किल्वरची राणी आणि चौकटचा पंजा, काहीच नाही. "ऑल-इन" म्हटलं. बिग ब्लाइंडवाला माझ्याकडं बघत बसला, पानं परत उचलून बघितली, आणि शेवटी डीलरकडं सरकवली.