एंडोस्कोपिक स्कल बेस सर्जरी आणि कॅरोटिड : या चुका टाळा

नाकातून दुर्बीण घालून कवटीच्या तळाची सर्जरी करताना कॅरोटिडला (मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला) इजा झाली की सगळे विचारतात, ड्रिल कुठे लागलं. पण बहुतेक वेळा चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते, कॅरोटिड नक्की कुठे आहे हे माहीत नसताना सर्जन पुढे गेलेला असतो. साध्या पिट्युइटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) सर्जरीत ही इजा साधारण 1 टक्क्याच्या आत राहते, क्लायव्हस (कवटीच्या तळाचं मधलं, मागचं हाड) किंवा पेट्रस (कानाच्या हाडाचा आतला) भागात शिरलं की धोका कितीतरी पटीने वाढतो.

पहिली चूक स्कॅन बघण्यातली. नुसता एमआरआय बघून ओटीत जाऊ नका, 1 मिमी किंवा त्याहून बारीक कटचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) हवाच, आणि तो स्वतः तिन्ही प्लेनमध्ये स्क्रोल करून बघायचा, रिपोर्ट वाचून भागत नाही. बघायचं काय? कॅरोटिडवरचं हाड शाबूत आहे का, दोन कॅरोटिडमधलं अंतर किती आहे (कधी कधी दोन्ही सेलासमोर, म्हणजे पिट्युइटरी बसते त्या हाडाच्या खड्ड्यासमोर, जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या असतात), ओनोडी सेल (ऑप्टिक नर्व्ह म्हणजे डोळ्याच्या नसेजवळ पसरलेली सायनसची पोकळी) आहे का आणि स्फेनॉइडमधले (नाकाच्या अगदी मागच्या सायनसमधले) पडदे मागे कुठे जाऊन लागतात. सेलामधली गाठ ट्यूमरच आहे, अन्युरिझम (रक्तवाहिनीचा फुगा) नाही, हेही इथेच पक्कं करा, बायोप्सी घेताना कळलं तर फार उशीर झालेला असतो. अ‍ॅक्रोमेगली (ग्रोथ हार्मोन जास्त झाल्याने होणारा आजार), आधीची सर्जरी किंवा रेडिएशन झालेला पेशंट असेल तर जास्तच वेळ द्या, तिथे कॅरोटिड वाकडीतिकडी किंवा चिकटलेली असू शकते.

आता स्फेनॉइडचा पडदा. ज्युनिअर्स याला हमखास मिडलाइन समजतात आणि तो बहुतेक वेळा मिडलाइनला नसतो, बऱ्याचदा तो थेट कॅरोटिडच्या उंचवट्यावर जाऊन लागतो. असा पडदा फोर्सेप्समध्ये धरून पिळला तर हाडाच्या तुकड्याबरोबर कॅरोटिडची भिंत फाटू शकते. थ्रू-कट (ओढण्याऐवजी कापणारा फोर्सेप्स) वापरा, नाहीतर डायमंड बरने (ड्रिलच्या बारीक टोकाने) हळूहळू बारीक करा, आणि मिडलाइनसाठी व्होमर (नाकाच्या मधल्या पडद्याचं हाड) आणि स्फेनॉइडच्या रोस्ट्रमवर (त्याला जोडलेल्या पुढच्या टोकावर) विसंबा. डोकं थोडं वळवलेलं असतं हेही विसरू नका, त्या नादात आपण नकळत एका बाजूला सरकतो.

खाली आणि बाजूला जायचं असेल तर व्हिडियन नर्व्ह (स्फेनॉइडच्या तळाशी हाडाच्या कॅनालमधून जाणारी नस) सोडू नका. तिचा कॅनाल मागे मागे फॉलो केला की तो लॅसेरमजवळ (कवटीच्या तळातलं कार्टिलेजने भरलेलं छिद्र) कॅरोटिडपाशी नेतो. ड्रिलिंग आधी कॅनालच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे घड्याळातल्या 3 ते 9 च्या खालच्या बाजूने, कारण कॅरोटिड वरच्या अंगाला असते, ती दिसेपर्यंत वर जायचं नाही. लॅसेरमचं फायब्रोकार्टिलेज ओढायचं नाही, शार्प कापायचं. युस्टेशियन ट्यूबच्या (नाकामागून कानाकडे जाणाऱ्या नळीच्या) मागे आणि बाहेरच्या बाजूला मानेतून वर येणारी कॅरोटिड असते, त्यामुळे ट्यूब काढायची असेल तर तिथेही हाच नियम. वर सेलाच्या लेव्हलला ऑप्टिको-कॅरोटिड रिसेस (ऑप्टिक नर्व्ह आणि कॅरोटिडजवळचे हाडातले खड्डे) ओळखा, लॅटरल रिसेसच्या वर ऑप्टिक नर्व्ह आणि खाली कॅरोटिड. पण न्यूमटायझेशन (हाडातल्या हवेच्या पोकळ्या) कमी असेल तर हे खड्डे दिसतच नाहीत, म्हणून एकाच लँडमार्कवर कधीच जाऊ नका.

नॅव्हिगेशनवर (उपकरण कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणाऱ्या यंत्रणेवर) आंधळा विश्वास ही अजून एक चूक, त्यात 1-2 मिमीची चूक सहज असते, आणि इथे 2 मिमी म्हणजे कॅरोटिडच्या आत. ओळखीच्या हाडावर परत परत चेक करा आणि ड्युरा (मेंदूवरचं आवरण) उघडण्याआधी मायक्रो-डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा बारीक प्रोब) लावा, मी तर त्याशिवाय कट घेतच नाही. डॉप्लरचा आवाज आला नाही याचा अर्थ तिथे कॅरोटिड नाही असाही नाही, प्रोबचा अँगल चुकला तरी सिग्नल जातो, म्हणून प्रोब फिरवून बघा.

आणि इजा झालीच तर? पहिली चूक म्हणजे घाबरून नाकात दिसेल ते ठासून भरणं. जास्त पॅकिंगने कॅरोटिड दबून बंद होते आणि स्ट्रोक येतो. दोन सर्जन, दोन मोठे सक्शन, एकाने रक्ताची धार एंडोस्कोपपासून बाजूला ओढून धरायची, दुसऱ्याने ठेचलेल्या मसलचा तुकडा नेमका होलवर दाबून ठेवायचा, काही मिनिटं, न हलवता. मसलसाठी मांडी सुरुवातीलाच पेंट करून ड्रेप केलेली हवी, रक्त उसळत असताना ड्रेप शोधणं शक्य नसतं. ॲनेस्थेशियाला बीपी पाडायला सांगू नका, मेंदूला दुसऱ्या बाजूने रक्त पोचायला प्रेशर लागतं. रक्त थांबलं तरी पेशंट थेट अँजिओग्राफीला, ती त्या दिवशी नॉर्मल आली तरी काही दिवसांनी परत अँजिओ, कारण स्यूडोअन्युरिझम (फाटलेल्या भिंतीवर तयार होणारा खोटा फुगा) उशिरा तयार होतो आणि घरी गेलेला पेशंट अचानक नाकातून रक्त वाहत परत येतो.