झाडांच्या नावांत नाती जुळवताय? या चुका टाळा

युक्रेनी शिकायला घेतली की मराठी माणूस पहिल्यांदा हरखतो तो 'बेरेझा'पाशी. बेरेझा म्हणजे बर्च, आपल्या भूर्जपत्राचं झाड. बेरेझा आणि भूर्ज खरोखरच सख्खे. मुळाचा अर्थ पांढरं, चकाकणारं. युक्रेनीत मार्चला 'बेरेझेन' म्हणतात, तेही याच झाडावरून.

गडबड पुढे होते. बर्चचं लॅटिन नाव बेतुला, मग तेही याच घरातलं असणार, असं आपण धरून चालतो. पण बेतुला लॅटिनने गॉल लोकांकडून (आजच्या फ्रान्सच्या भागातले प्राचीन लोक) उचललाय. भूर्जची लॅटिनमधली बहीण म्हणजे फ्राक्सिनस, आणि ती नांदतेय भलत्याच घरी: रोमन लोक ॲशच्या झाडाला फ्राक्सिनस म्हणत. झाड एक म्हणून शब्द एक, हे डोक्यातून काढा.

याच ॲशला युक्रेनीत 'यासेन' म्हणतात. 'यास्नी' म्हणजे उजळ, तेव्हा यासेन म्हणजे उजळ झाड, असं मीही वहीत ठोकून दिलं होतं. साफ चूक. यासेनचं नातं लॅटिनच्या 'ऑर्नस'शी आहे. गंमत म्हणजे १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ॲशच्या एका जातीला नाव दिलं फ्राक्सिनस ऑर्नस. पहिला शब्द भूर्जच्या माहेरचा, दुसरा यासेनच्या! म्हणून कानाला सारखं वाटलं की लगेच व्युत्पत्ती लिहू नका. आधी व्युत्पत्तिकोश उघडा.

भाषांतर करणाऱ्यांनी दोन नावं जपून वापरावीत. ओडेसाच्या 'बिला आकात्सिया'ला पांढरी बाभूळ म्हणू नका. ते झाड रोबिनिया स्यूडोअकेशिया: फ्रान्सच्या राजाचा माळी जाँ रोबँ याच्यावरून रोबिनिया, आणि पुढचा शब्द सरळ सांगतोय, 'खोटी बाभूळ'. दुसरं कीवचं 'काश्तान'. भाजून खायचं चेस्टनट ते हे नव्हे. शास्त्रीय युक्रेनीत त्याला 'हिर्कोकाश्तान', कडू चेस्टनट, म्हणतात. बी विषारी असते. त्याचं लॅटिन नाव एस्क्युलस, आणि रोमन माणसाला एस्क्युलस म्हणजे चक्क एका प्रकारचा ओक!

लिंगाचा घोळ सगळेच घालतात. लॅटिन नावाच्या शेवटी 'अस' दिसलं की आपण पुल्लिंग समजतो. लॅटिनमध्ये झाडं बहुतेक स्त्रीलिंगी, म्हणून पांढरा ओक क्वेर्कस आल्बा, पुल्लिंगी 'आल्बस' नाही. मेपल म्हणजे एसर मात्र नपुंसकलिंगी, म्हणून लाल मेपल: एसर रुब्रम.