कॅम्पसवर अर्धवेळ काम: आधी तास मोजा, मग अर्ज करा

ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक केंद्र, वसतिगृहाचं कार्यालय, परीक्षा विभाग. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांना जमतील अशी कामं बहुतेक इथेच निघतात. ती मिळतात मार्कांवर कमी आणि मोकळ्या तासांवर जास्त. काम देणाऱ्याला हुशार माणूस हवा असतोच, पण त्याची खरी अडचण असते ती मंगळवारी दुपारी काउंटरवर कोण बसणार ही.

म्हणून अर्जाआधी एका कागदावर आठवड्याचा तक्ता आखा. वर सात दिवस, बाजूला सकाळी ८ ते रात्री ८ चे तास. तासिका, प्रॅक्टिकल, जेवण, येण्याजाण्याचा वेळ भरा. उरलेल्या चौकोनांपैकी सलग दोन तास किंवा त्याहून मोठे तुकडेच कामाचे धरा. एका तासाच्या फटीत जायला दहा आणि यायला दहा मिनिटं गेली की उरतात चाळीस, आणि तेवढ्यासाठी कुणी ड्युटी लावत नाही. एकूण बेरीज कितीही येवो, पहिल्या सत्रात १० ते १२ तासच मागा. पंधराच्या वर गेलात की आधी झोप जाते, मग जर्नलं तुंबतात. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकत असाल तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर कॅम्पसवर काम करता येत नाही.

अर्ज एका पानाचा पुरे. शिक्षण दोन ओळींत, जमणारी कामं तीन-चार ओळींत, आणि खाली तोच तक्ता. ‘कधीही यायला तयार’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला ते खरं वाटत नाही, आणि खरं मानलंच तर सगळ्या नकोशा वेळा तुमच्या वाट्याला येतात. सत्र सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी जाऊन विभागात प्रत्यक्ष अर्ज द्या. तेव्हा जागा भरलेल्या असतील तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात पुन्हा विचारा. चाचण्या तोंडावर आल्या की काहीजण काम सोडतात.

ग्रंथालयात कधी कधी पुस्तकं लावायला देऊन पाहतात, आणि बरेचजण दशांश चिन्हापाशी अडखळतात. ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, ५१२.९, ५१२.१५ आणि ५१२.०८६ ही तीन पुस्तकं कशी लावाल? ९, १५, ८६ असं वाचलंत तर चुकलात. चिन्हानंतरचा एकेक अंक डावीकडून ताडायचा: ०, मग १, मग ९. म्हणजे क्रम ५१२.०८६, ५१२.१५, ५१२.९. क्रमांक सारखाच असेल तर त्याखालची लेखकाची अक्षरं बघायची. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक संगणकावर ‘उपलब्ध’ दिसतं आणि कुणालाच सापडत नाही, म्हणून या कामात वेगापेक्षा नजर मोलाची.

प्रयोगशाळेत काचसामान धुवायचं असेल तर ते लगेच विसळा. वाळलेला थर नंतर घासून निघत नाही. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरनं. ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) धुताना त्याची तोटी उघडून तिच्यातूनही पाणी जाऊ द्या. बाटलीवर लेबल नसेल तर अंदाजानं काही ओतून देऊ नका, प्रयोगशाळा सहायकाला दाखवा.

काम लागलं की सगळ्यात जास्त घोळ होतो तो हजेरीपत्रकात. अडीच तास काम केलं की २.३० लिहिण्याची सवय असते. पत्रक दशांशात भरायचं असेल तर ते २.५ हवं, कारण २.३० तास म्हणजे २ तास १८ मिनिटं. दर पाळीला १२ मिनिटं बुडाली. आठवड्याला चार पाळ्या धरल्या तर पंधरा आठवड्यांत पूर्ण १२ तासांचे पैसे गेले. नोंद त्याच दिवशी करा, महिनाअखेरीस आठवून भरू नका, आणि सही झालेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. पहिलं मानधन अडकलं तर आधी दोन गोष्टी तपासा: वरिष्ठांची सही राहिली आहे का, आणि बँक खात्यावरचं नाव विद्यापीठाच्या नोंदीतल्या नावाशी अक्षरशः जुळतं का. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यानंही बिल परत येऊ शकतं.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी वरिष्ठांना तारखा लिहून द्या आणि बदली कोण येणार तेही सुचवा. आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या पेपर आहे’ सांगणाऱ्याला पुढच्या सत्रात सहसा बोलावत नाहीत. काम सोडताना अनुभवाचं प्रमाणपत्र तिथेच मागा, आणि त्यात नुसतं ‘सहायक’ न लिहिता कोणती कामं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि आठवड्याला किती तास केली हे लिहून घ्या.