मिरगाच्या आत घर शाकारायचं तर

शिमग्याची पालखी घरून गेली की दुसऱ्या दिवशी लगेच एस.टी. पकडायची घाई करू नका. उन्हं चांगली चढू द्या, मग माळ्यावर जा, झरोके मिटून घ्या आणि डोळे अंधाराला सरावू द्या. आता वर बघा. जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथलं कौल सरकलंय नाहीतर फुटलंय. खडूने जवळच्या रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवर, फुली मारून ठेवा. ही पाहणी पावसात होत नाही, आणि गणपतीला येऊन तर मुळीच नाही. तोवर जे भिजायचं ते भिजून गेलेलं असतं.

मी सुतार. राजापूर तालुक्यात आमच्या आसपासच्या वाड्यांमध्ये जांभ्याच्या चिऱ्याची, कौलारू अशी जी घरं उरलीत, त्यांच्या आढ्या-वाशांची कामं आमच्याकडे असतात. त्यातली बरीच घरं वर्षाचे दहा-अकरा महिने कुलपात. मालक मुंबईला, आणि फोनवर सगळ्यांचं एकच: "काका, भिंतीला ओल आलीय, सिमेंट मारून घेऊ का?" मारू नका. आधी कौलं बघा, मग अंगण बघा, भिंतीला हात सगळ्यात शेवटी. ओल दिसते भिंतीवर, पण बहुतेक वेळा ती तिथली नसतेच.

किनाऱ्यावर चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवातिडवा. एवढं पाणी अडवून धरायच्या फंदात जुनी माणसं पडलीच नाहीत. उतरतं छप्पर, पुढे काढलेली वळचण, भोवती पडवी, खाली उंच जोतं, हा सगळा बेत पाणी झटकन घालवायचा आणि त्यातूनही जे शिरेल ते वाळू द्यायचा. दुरुस्ती करताना हा बेत मोडला नाही म्हणजे मिळवली.

तर कौलांपासून सुरुवात. कामाला दोन माणसं लागतात, एक छपरावर, एक माळ्यावर. आतल्याने फुलीजवळचं कौल खालून बोटभर उचलायचं, की वरच्याला नेमकी जागा कळते. "डावीकडे, अरे नाही, आणखी डावीकडे" असं ओरडत बसलात तर अर्धा दिवस जातो आणि चार चांगली कौलं पायाखाली फुटतात. वर जाणाऱ्याने सकाळी लवकर आणि अनवाणी चढावं. पाय कौलाच्या मधोमध द्यायचा नाही. वरचं कौल खालच्यावर जिथे चढलंय तिथे द्यायचा, कारण त्याच्याखाली रीप असते. लांबवर सरकायचं असेल तर छपरावर शिडी झोपवा आणि तिच्यावरून चला.

गळतीचा थेंब जिथे पडतो तिथेच वर भोक असेल असं धरून चालू नका. पाणी वाशाच्या पोटाला धरून हात-दोन हात खाली येतं आणि एखाद्या गाठीवर नाहीतर खिळ्यावर अडून तिथे टपकतं. माळ्यावर बॅटरी मारा, वाशावरचा काळपट ओघळ शोधा, आणि त्याच्यामागोमाग वर जा. ओघळ सुरू होतो तिथलं कौल काढून उलटं करून बघा. कधीकधी फुटलेलं काहीच नसतं. दोन कौलांच्या खाचेत पाचोळा अडकलेला असतो, त्याच्यावरून पाणी उलटं आत येतं. खाच ब्रशने साफ केली की काम झालं, पैसा खर्च नाही.

नवीन कौल घेताना बोटाच्या पेराने ठोकून घ्या. चांगलं भाजलेलं कौल खणखणतं, कच्चं किंवा तडकलेलं बद्द वाजतं. दुसरं, जुन्या कौलाच्या पाठीवरचा शिक्का वाचा आणि त्याचा फोटो घेऊन ठेवा. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, मग त्या किनाऱ्यावर असे बरेच कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. एका साच्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, दोन सूत फट राहते आणि जोराच्या वाऱ्यात तिथूनच पाणी घुसतं. म्हणून कुठे जुनं घर उतरवताहेत असं कळलं की शिक्का जुळवून तिथली कौलं उचलावी. वेगवेगळी कौलं वापरावीच लागली तर ती एका पाखीवर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, मिसळू नका. पुढची सगळी जुनी, मागच्या पडवीवर सगळी नवी, असं करा. शंभर चौरस फुटांना दीडशे कौलं धरा, फूटतूट त्यातच भागते. एक कौल दोन-अडीच किलोचं, म्हणजे तेवढ्या छपराच्या वाशांवर साडेतीन क्विंटलच्या आसपास भार असतो हेही लक्षात असू द्या.

वाऱ्याचं वेगळं सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा रायगडात आणि इकडे दापोली-मंडणगडात घरंच्या घरं उघडी पडली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. त्यानंतर पुष्कळांनी कौलं काढून पत्रे चढवले. त्यांना नावं ठेवत नाही, डोक्यावर छप्पर हवं होतं. पण पत्र्याखाली एप्रिलची दुपार काढून बघा, आणि श्रावणसरीत शेजारच्या माणसाशी बोलून बघा. कौलारू छप्पर वाऱ्याला टिकवता येतं. वारा पडवीतून आत घुसतो, छप्पर खालून उचलतो, आणि पहिली उडतात ती वळचणीची आणि आढ्यालगतची कौलं. तेव्हा वळचणीच्या खालच्या दोन ओळी आणि कडेची कौलं गंज न धरणाऱ्या तारेने रिपेला बांधून घ्या. कौलाच्या पाठीवरच्या बोंडाला भोक असतं ते त्यासाठीच. आढ्यावरची कौलं चुन्यात नीट बसवा. पश्चिमेच्या पडवीला झावळ्यांचे झाप बांधले की वाराही मोडतो आणि भिंतीवर सरळ मारा येत नाही. प्लॅस्टिकची ताडपत्री दिसायला सोपी, पण ती कौलांच्या खाली, रिपांना चिकटून टाकू नका. आतली वाफ तिला लागून रिपा कुजतात, आणि वरून तुम्हाला काही दिसत नाही.

लाकूड तपासायला पटाशीचा दांडा पुरे. वाशांची टोकं भिंतीवर जिथे टेकतात तिथे ठोकत जा. भरीव आवाज आला तर पुढे चला, पोकळ आला तर पटाशीचं टोक दाबून बघा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा म्हणजे किडा. भिंतीवरून चढलेला मातीचा माग म्हणजे वाळवी. माग खरवडून टाका आणि दोन दिवसांनी परत बघा. पुन्हा बांधला असेल तर वाळवी जिवंत आहे, औषधवाल्याला बोलवा. टोक कुजलं म्हणून अख्खा वासा बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून तिरका सांधा देऊन नवा तुकडा बोल्टने आवळता येतो. तुकडा ऐनाचा किंवा फणसाचा घ्या. भिंतीत जाणाऱ्या टोकाला काजूच्या टरफलाचं तेल लावा, पण हातमोजे घालून. त्या तेलाने कातडी भाजते.

बंद घरांना लाकडाची कीड जास्त का लागते, तर चूल पेटत नाही. पूर्वी रोजचा धूर माळ्यातून फिरून कौलांच्या फटीतून बाहेर पडायचा, लाकूड कोरडं आणि काळं राहायचं. मे महिन्यात आलात की गॅस असला तरी मागच्या पडवीतली चूल रोज पेटवा. वहिनी डोळे चोळतील, पण वासे टिकतील.

आता भिंत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर वाळला की कडक होतो, पण सच्छिद्र कायमच राहतो. पावसात तो पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. जुन्या भिंती मातीत नाहीतर चुन्यात बांधलेल्या, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला जागा असे. दोन चिऱ्यांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या की सिमेंट चिऱ्यापासून केसभर सुटतं, त्या फटीतून पाणी आत जातं आणि परत निघत नाही. तीन-चार पावसाळ्यांत चिऱ्याचा चेहराच पापुद्र्यांनी गळायला लागतो, मधलं सिमेंट तेवढं उभं. असं घर कुठल्याही वाडीत दाखवीन.

दरजा भरायच्या तर जुनी माती इंचभर आत कोरून काढा, ब्रशने झाडा, पाणी मारा, आणि एक भाग चुना तीन भाग वाळू असं मिश्रण दाबून भरा. कळीचा चुना आणलात तर निदान पंधरा दिवस आधी भिजत घाला. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतो. आणि हे काम दिवाळीनंतर थंडीत करा. मेच्या उन्हात चुना पकडण्याआधीच सुकतो, मग बोटाने निघतो. बदलायचा चिरा घेताना एकसारखा लाल रंग बघा. पोटात पिवळट-पांढऱ्या मऊ मातीचे ठिपके असतील तर तो खाणीच्या खालच्या थरातला, परत पाठवा.

अंगणाचं काम कुणाला आवडत नाही, म्हणून ते राहतं. पागोळ्या जिथे पडतात तो पाट दरवर्षी मातीने भरतो, अंगण चढत जातं आणि जोतं बुडत जातं. फावड्याने पाट मोकळा करा, पाण्याला उतार घराच्या उलट द्या. जोत्याला लागून सिमेंटचा कोबा करू नका. खालची ओल वर निघायला जागा शोधते आणि भिंतीतून चढते. घरातली मातीची जमीन मात्र असू द्या. खड्डे पडलेत तिथे लाल माती घालून चोपून घ्या, मग शेणाने सारवा.

छपरावर आलेल्या फणसाच्या नि आंब्याच्या फांद्या तोडा. वानर तिथूनच उड्या मारतात. तरी ते येणारच. म्हणून निघताना वीस-पंचवीस जादा कौलं आणि माळ्याची किल्ली शेजारच्या घरी ठेवा, आणि जुलैत एकदा चढून बघणाऱ्याची मजुरी आधीच देऊन जा. उधारीवर भर पावसात छपरावर कुणी चढत नाही.